घरातील समुद्र : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी गाळणयंत्रणा निवडताना

गोड्या पाण्यातील गप्पी, मोली, एंजल सांभाळून हात बसला की मत्स्यालयाच्या हौशी माणसाला बहुधा खाऱ्या पाण्याचे वेध लागतात. २००३ साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा विदूषक मासा शहरातील मुलांच्या ओळखीचा झाला. काचेची टाकी, मिठाची पिशवी, माशांची जोडी आणि टाकीच्या काठावर अडकवायचे एक गाळणयंत्र अशी खरेदी एका संध्याकाळी उरकते. पुढचे दोन आठवडे पाणी आरशासारखे नितळ दिसते आणि त्याच नितळ पाण्यात मासे एकामागून एक मरतात. दोष मिठाला, माशाला किंवा दुकानदाराला दिला जातो. प्रत्यक्षात चूक झालेली असते ती गाळणयंत्रणा नेमकी कशासाठी हवी, हे ठरविण्यात.

नितळ पाणी आणि निर्विष पाणी

पाण्यात तरंगणारी घाण अडविणे हे गाळणयंत्रणेचे सर्वांत सोपे काम. स्पंजाचा एखादा तुकडाही ते करतो. अवघड काम असते न दिसणाऱ्या विषाचे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अहोरात्र अमोनिया सोडत असतो. उरलेले अन्न, विष्ठा, कुजलेले शेवाळ यांतूनही शेवटी अमोनियाच निर्माण होतो. टाकीत वाढणारे काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात आणि दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये. शाळेच्या पुस्तकातील नत्रचक्राचा हाच तो भाग. असे जिवाणू सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. मत्स्यालयाच्या जुन्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचे श्रेय नायट्रोबॅक्टर या जिवाणूला दिलेले आढळते. १९९० च्या दशकातील जनुकीय तपासण्यांनंतर मत्स्यालयांत हे काम मुख्यत्वे नायट्रोस्पायरा गटातील जिवाणू करतात, असे दिसून आले. हौशी माणसाच्या दृष्टीने नावापेक्षा महत्त्वाचे हे की, हे सारे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात, सावकाश वाढतात आणि त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. जैविक गाळण म्हणजे दुसरे काही नसून या जिवाणूंना राहण्यासाठी जागा आणि श्वासासाठी हवा पुरविणे होय.

गोड्या पाण्याचा अनुभव इथे फसवतो, त्याची कारणे दोन. पहिले कारण सामूचे. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. एक बहुतांशी निरुपद्रवी, दुसरे जहाल. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर ठरते. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात जहाल रूपाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो आणि तिथे हे प्रमाण सहा-सात टक्क्यांवर जाते. म्हणजे गोड्या टाकीतील मासे जेवढी हयगय सहन करतात, तिचा दहावा हिस्साही खाऱ्या टाकीत जीवघेणा ठरू शकतो. नायट्राइटच्या बाबतीत मात्र खारे पाणी दयाळू आहे. पाण्यातील क्लोराइडमुळे ते माशाच्या रक्तात सहज शिरू शकत नाही.

दुसरे कारण प्राणवायूचे. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. समुद्राच्या पाण्यात पावणेसात. पाणी ३० अंशांवर गेले की खाऱ्या पाण्याची क्षमता सव्वासहाच्या जवळपास उतरते. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतील टाकी ३० अंशांच्या वर सहज जाते. मासे, जिवाणू आणि कुजणारा कचरा हे तिघेही या तुटपुंज्या शिधेवर जगत असतात. म्हणून खाऱ्या पाण्याचे कोणतेही गाळणयंत्र पाहताना ते पाण्याला हवा देते की पाण्यातील हवा खाते, हा प्रश्न आधी विचारावा. पुढील सर्व निवड याच प्रश्नाभोवती फिरते.

बालदीपासून बर्लिनपर्यंत

या प्रश्नाचे पहिले उत्तर एका मोलकरणीच्या हातांनी दिले होते. इंग्लंडमध्ये १८४६ साली अॅना थिन या बाईंनी समुद्रकिनाऱ्यावरील प्रवाळ लंडनच्या घरी आणले. ताजे समुद्रजल रोज मिळणे शक्य नव्हते, तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतण्याचे काम मोलकरणीला नेमून दिले गेले. पुढे भांड्यात समुद्री शेवाळही ठेवण्यात आले. ते प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. पंप नाही, वीज नाही. पाण्याला हवा लागत होती, एवढेच.

विसाव्या शतकात विजेचे पंप आले आणि यंत्रांवरचा भर वाढला. उलट दिशेने जाणारा एक प्रयोग जकार्ता येथील ली चिन एंग यांचा. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि प्रकाश एवढ्यावर त्यांनी मासे व प्रवाळ सांभाळले आणि १९६१ साली ही पद्धत एका अमेरिकी मासिकातून जगापुढे मांडली. तिची फारशी दखल तेव्हा घेतली गेली नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत जर्मनीतील हौशी मंडळींनी त्याच खडकांना फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. ती 'बर्लिन पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्याच सुमारास, १९८६ साली, जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेमुळे अमेरिकेत प्लास्टिकच्या पोकळ चेंडूंवरून पाणी ठिबकत नेणाऱ्या यंत्रांची लाट आली. ती ओसरली. घरगुती टाक्यांत आज सर्वाधिक विश्वास आहे तो बर्लिन पद्धतीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर.

दुकानात काय मिळते

गोड्या पाण्याच्या दुकानदाराकडे सहसा पहिल्यांदा दाखविली जाते ती वाळूखाली अंथरायची जाळी. हवापंपाच्या जोरावर पाणी वाळूतून खाली खेचले जाते आणि वाळूचा प्रत्येक कण जिवाणूंचे घर बनतो. स्वस्त आणि अमोनियाच्या बाबतीत खरोखर कार्यक्षम अशी ही रचना आहे. खाऱ्या पाण्यातील मासे कित्येक दशके तिच्यावरच पाळले गेले. दोष असा की सारा कचरा वाळूत ओढला जातो आणि तिथेच कुजतो. वर्ष-दीड वर्षाने वाळू घट्ट होते, नायट्रेट चढत जाते आणि साफ करायचे तर टाकी मोडण्यावाचून गत्यंतर नसते.

काठावर अडकवायचे यंत्र पन्नास-साठ लिटरच्या टाकीत दुय्यम साधन म्हणून ठीक. त्याचे पाणी धबधब्यासारखे पडते, त्यामुळे हवा मिळते. पण त्याच्या पोटात जिवाणूंना जागाच अपुरी.

बंद डब्याचे गाळणयंत्र, ज्याला बाजारात कॅनिस्टर म्हणतात, ते दिसायला सर्वांत देखणे आणि गोड्या पाण्यात नावाजलेले. खाऱ्या पाण्यात त्याची निवड विचारपूर्वक करावी लागते. डबा हवाबंद असतो. आत ठासून भरलेले जिवाणू येणाऱ्या पाण्यातील प्राणवायू वापरून संपवितात आणि नवीन हवा मिळण्याची सोय नसते. पंप चालू आहे तोवर निभावते. वीज गेली की डब्यातील अडकलेल्या पाण्याचा प्राणवायू लवकरच संपतो, जिवाणू गुदमरू लागतात, कचरा सडू लागतो. तीन-चार तासांनी वीज परत येते आणि तेच कुजके पाणी पंप इमानेइतबारे टाकीत ओततो. रात्री गेलेली वीज पहाटे आली आणि सकाळी मासे मेलेले आढळले, या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. कॅनिस्टर आधीच घरात असेल तर त्याचा उपयोग कोळशाच्या पिशवीसाठी करावा, आतील स्पंज दर आठवड्याला धुवावा आणि वीज दीर्घकाळ गेल्यास डबा रिकामा करून, धुऊन मगच पुन्हा सुरू करावा.

प्लास्टिकच्या चेंडूंवरून पाणी ठिबकविणाऱ्या यंत्राला प्राणवायूची ददात नसते. अमोनिया ते झपाट्याने संपविते. पण ते नायट्रेटपाशी थांबते, कारण नायट्रेटचे विघटन करणाऱ्या जिवाणूंना उलट प्राणवायूविरहित जागा हवी असते आणि चेंडूंमध्ये ती नसते. लायनफिश, ट्रिगरफिश यांसारखे दांडगे, अधाशी मासेच पाळायचे असतील तर हे यंत्र अजूनही उपयोगी पडते.

फेसाचे यंत्र

खाऱ्या पाण्याच्या टाकीत पैसे एकाच यंत्रावर खर्च करायचे ठरले तर ते प्रोटीन स्किमरवर करावेत. इतर यंत्रे कचरा कुजू देतात आणि मग त्यातून निघालेला अमोनिया हाताळतात. स्किमर कचरा कुजण्याआधीच पाण्याबाहेर काढतो. तत्त्व गुऱ्हाळात दिसते तेच. काहिलीतील रसावर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात, तसे इथे बुडबुड्यांवर चढलेली घाण वरच्या पेल्यात गोळा केली जाते. प्रथिने व तत्सम सेंद्रिय पदार्थांच्या रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाण्यापासून दूर पळते. असे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि त्याच्याबरोबर वर येतात. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेला तपकिरी फेस हे याच क्रियेचे नैसर्गिक रूप. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि निसटतात. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात, म्हणून हे यंत्र घरगुती प्रमाणावर खाऱ्या पाण्यातच चालते.

स्किमर आणखी एक काम करतो, ज्याची जाहिरात क्वचितच होते. बुडबुड्यांच्या दाटीतून जाताना पाण्याला मुबलक प्राणवायू मिळतो. उकाड्याच्या दिवसांत हा लाभ त्याच्या सफाईइतकाच मोलाचा. मात्र यंत्र खोलीतील हवा ओढते. दारे-खिडक्या बंद करून वातानुकूलन चालू असलेल्या खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, तोच पाण्यात उतरतो आणि सामू घसरतो. अशा वेळी रसायने ओतण्याआधी यंत्राची हवेची नळी खिडकीबाहेर काढून पाहावी.

खोक्यावर छापलेली क्षमता शब्दशः घेऊ नये. तीनशे लिटरच्या टाकीला चारशे-साडेचारशे लिटरचा स्किमर योग्य. त्याहून फार मोठा घेण्यात मात्र शहाणपण नाही. कमी माशांच्या टाकीत अवाढव्य यंत्राला फेस धरण्याइतकी घाणच मिळत नाही आणि ते कधी कोरडे, कधी उतू जाणारे असे लहरीपणे वागते. लाकडी हवादगडाचे जुने यंत्र चालते, पण दगड वारंवार बदलावा लागतो. पंपाच्या चक्राला बारीक काटे असलेल्या प्रकाराची देखभाल कमी. नवे यंत्र पहिला आठवडा-दोन आठवडे नीट फेस देत नाही, तेव्हा ते बिघडलेले समजून परत करू नये. पेल्याचा गळा दर दोन-तीन दिवसांनी पुसावा, कारण तिथे साचलेला तेलकट थर फेसाला वर चढू देत नाही. हाताला तेल लावून टाकीत हात घातल्यासही काही तास फेस बंद पडतो.

खडक, वाळू आणि कायदा

बर्लिन पद्धतीचा दुसरा आधार म्हणजे सच्छिद्र खडक. त्याच्या बाहेरच्या थरात प्राणवायूवर जगणारे जिवाणू अमोनिया संपवितात; आतील छिद्रांत प्राणवायू पोचत नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. नत्रचक्र पूर्ण करणारे, विजेशिवाय काम करणारे आणि बंद न पडणारे असे हे एकमेव गाळणयंत्र. तळाशी दहा सेंटिमीटरहून जाड बारीक वाळूचा थर देऊन किंवा मोनॅकोच्या जाँ जोबेर यांच्या पद्धतीप्रमाणे वाळूखाली स्थिर पाण्याचा पोकळ थर ठेवूनही हे साधता येते. पण असा जाड थर एकदा बसला की ढवळता येत नाही. ढवळल्यास आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड सुटून संपूर्ण टाकी मरू शकते. नवशिक्याने तीन-चार सेंटिमीटरचा पातळ थर ठेवावा आणि नायट्रेटचे काम खडकावर सोपवावे. शंभर लिटरला दहा ते पंधरा किलो खडक हा जुना ढोबळ नियम. खडक हलका आणि सच्छिद्र असल्यास कमी पुरतो.

परदेशी पुस्तकांत इथे समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' वापरण्याचा सल्ला दिलेला असतो. भारतात तो जसाच्या तसा मानणे धोक्याचे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक तयार करणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या इत्यादींचा समावेश करण्यात आला. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, तरी प्रवाळांचे संरक्षण कायम आहे. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. हे संरक्षण जिवंत प्रवाळापुरते मर्यादित नाही. मृत सांगाडा बाळगणे, विकणेही गुन्ह्यात मोडते. म्हणजे दुकानातील पारदर्शक पिशवीत 'फिल्टर मटेरियल' म्हणून मिळणारा पांढरा प्रवाळचुरा घेणारा ग्राहकही अडचणीत येऊ शकतो. मन्नारच्या आखातातून, अंदमानातून किंवा मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला खडक, त्यावर प्रवाळ असो वा नसो, घरी आणू नये.

सुदैवाने त्याची गरजही उरलेली नाही. कृत्रिमरीत्या बनविलेले सच्छिद्र खडक, मत्स्यालयासाठी तयार केलेल्या चिनीमातीच्या विटा आणि कांड्या बाजारात मिळतात. जिवाणूंना खडकाचे मूळ गाव कोणते याची फिकीर नसते. त्यांना छिद्रे हवीत. वाळू म्हणून प्रवाळापासून न बनलेली अॅरागोनाइट वाळू वापरावी. कोरडा खडक 'जिवंत' होण्यास दीड-दोन महिने लागतात, एवढाच काय तो तोटा. फायदा असा की समुद्रातील खडकाबरोबर येणारे उपद्रवी खेकडे आणि किडे येत नाहीत. माशांच्या बाबतीतही समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा पैदास केलेले मासे मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. टाकीतच जन्मलेला मासा बंदिस्त पाण्याला आणि हाताने दिलेल्या खाद्याला सरावलेला असतो.

सदनिकेतील टाकी

ही सारी यंत्रे ठेवायची कुठे, याचे सर्वमान्य उत्तर म्हणजे मुख्य टाकीखाली, कपाटात दडविलेली दुसरी टाकी. हौशी मंडळी तिला 'संप' म्हणतात. वरचे पाणी काठावरून ओसंडून खाली येते, स्किमर आणि खडकांच्या विटांमधून फिरते आणि पंप ते वर चढवितो. पाण्याचे एकूण प्रमाण वाढते, पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्रा आपोआप खाली जातो, ओघळताना पाण्याला हवा मिळते आणि बाष्पीभवनाने कमी झालेली पातळी फक्त संपमध्ये दिसते. ती भरून काढताना साधे आरओचे पाणी घालावे, खारे नव्हे; कारण वाफ पाण्याची होते, मिठाची होत नाही.

सदनिकेत राहणाऱ्याने एक हिशेब मात्र कागदावर करावा. १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत पातळी एक सेंटिमीटरने उतरली की साडेपाच लिटर पाणी खाली येते. पंप थांबताच वर जाणाऱ्या नळीतून पाणी उलट वाहू लागते. नळीचे तोंड पृष्ठभागाखाली दोन सेंटिमीटर असेल तर अकरा लिटर, दहा सेंटिमीटर असेल तर चोपन्न लिटर पाणी संपमध्ये उतरते. संपमध्ये तेवढी जागा मोकळी नसेल, तर पहिल्याच वीजखंडितीत खारे पाणी दिवाणखान्यात आणि तिथून खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छतात मुरते. नळीचे तोंड पृष्ठभागालगत ठेवावे, उलट प्रवाह रोखणाऱ्या झडपेवर विसंबू नये, कारण खाऱ्या पाण्यात तिच्यावर क्षार बसून ती अडकते. टाकी भरल्यावर, मासे सोडण्यापूर्वी पंप हाताने बंद करून संप ओसंडतो का, ते पाहावे.

वजनाचाही विचार हवा. ५५ सेंटिमीटर उंचीची अशी टाकी, काच, खडक, संप आणि कपाट मिळून साडेचारशे-पाचशे किलोच्या घरात जाते. घरगुती स्लॅबचे आरेखन चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वापरभार धरून केलेले असते. टाकी खोलीच्या मध्यभागी नव्हे, तर तुळईच्या किंवा भिंतीच्या कडेला ठेवावी. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवू नये.

वीज जाणार, हे गृहीत धरूनच यंत्रणा ठरवावी. खडकावर आधारलेल्या टाकीला वीजखंडितीत फक्त पाण्याची हालचाल आणि हवा लागते. वीज जाताच आपोआप सुरू होणारा, बॅटरीवरील छोटा हवापंप ही गरज काही तास भागवितो. घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावर पाणी फिरविणारा एक लहान पंप जोडावा. दिवे, स्किमर आणि चिलर जोडण्याचा मोह टाळावा. चिलर महाग आणि वीजखाऊ आहे. संपवर लहान पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड होऊ शकते. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय उत्तम चालतो. मुंबईच्या दमट हवेत त्याचा प्रभाव निम्म्यावर येतो. यंत्रांची संख्या मर्यादित ठेवण्याचे कारणही इथेच सापडते, कारण प्रत्येक पंप खाल्लेली वीज शेवटी पाण्याला उष्णता म्हणूनच देतो.

कोळसा, शेवाळ आणि पाणी बदलणे

सक्रिय कोळसा पाण्यातील पिवळेपणा आणि वास घालवितो. महिन्यातून काही दिवस वापरला तरी पुरे. अतिनील दिवा पाण्यात तरंगणारे रोगजंतू कमी करतो, माशाच्या अंगावर बसलेल्यांना हात लावत नाही. फॉस्फेट शोषणारी लोहयुक्त दाणेदार द्रव्ये शेवाळ फारच माजल्यास उपयोगी. यांपैकी एकही पहिल्या दिवशी विकत घेण्याची आवश्यकता नाही. संपच्या एका कप्प्यात रात्री दिवा लावून समुद्री शेवाळ वाढविणे हा मात्र स्वस्त आणि गुणकारी उपाय आहे. शेवाळ नायट्रेट व फॉस्फेट खाऊन वाढते, कापून टाकले की तेवढी घाण टाकीबाहेर जाते आणि रात्रीच्या प्रकाशामुळे सामूही घसरत नाही. कापलेले शेवाळ कचऱ्यात टाकावे, समुद्रात कधीही नाही. भूमध्य समुद्रात १९८४ साली मोनॅकोजवळ आढळलेले कॉलेर्पा जातीचे शेवाळ मत्स्यालयातूनच निसटले होते आणि नंतर ते तळावर दूरवर पसरले.

कोणतीही यंत्रणा पाणी बदलण्यातून पूर्ण सुटका देत नाही, आणि केवळ पाणी बदलणे यंत्रणेची जागा घेत नाही. महिन्याला नायट्रेट लिटरमागे दहा मिलिग्रॅमने वाढत असेल आणि महिन्यातून एकदा पाचवा हिस्सा पाणी बदलले जात असेल, तर पातळी चाळीस ते पन्नासच्या दरम्यान स्थिरावते. वर्षानुवर्षे पाणी बदलत राहिले तरी त्याखाली उतरत नाही. माशांना ते चालते, नाजूक अपृष्ठवंशीय जीवांना नाही. बदलाचे पाणी आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचे तयार मीठ विरघळवून करावे आणि क्षारता हजारी ३५ ठेवावी. मिठागरातील मीठ इथे कामाचे नाही. त्यात सोडियम क्लोराइड असते, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा बराच भाग मीठ गोळा होण्याच्या क्रियेत मागे राहिलेला असतो. जुहू किंवा गिरगावच्या किनाऱ्यावरील पाणी बादलीने आणणे हा तर सांडपाणी घरात आणण्याचा प्रकार, आणि पावसाळ्यात ते पुरेसे खारेही नसते.

आजारी माशासाठी वीस-तीस लिटरची वेगळी टाकी आणि हवापंपावरचा साधा स्पंज-फिल्टर ठेवावा. त्वचेच्या परजीवींवर दिले जाणारे तांब्याचे औषध मुख्य टाकीत टाकल्यास खडक ते शोषून घेतो, गोगलगायी आणि कोळंबी मरतात. स्पंज एरवी मुख्य टाकीच्या संपमध्येच पडू द्यावा, म्हणजे गरज लागेल तेव्हा त्यावर जिवाणू तयार असतात.

यंत्रणा बसविल्यानंतरचा काळ

पूर्वी नव्या टाकीत चिवट डॅमसेल मासे सोडून त्यांच्या अमोनियावर जिवाणू वाढविण्याची रीत होती. त्यातले बरेच मासे मरत आणि वाचलेले होरपळत. आता त्याऐवजी अमोनियम क्लोराइड वापरतात. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत हेच. मात्र बाजारातील नवसागरात भेसळ असते, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचेच घ्यावे. तीनशे लिटर पाण्यात दोन ग्रॅमच्या आतबाहेर घातले की अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास पोचतो. पंप, स्किमर सुरू ठेवून एक दिवसाआड तपासणी करावी. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढते, मग नायट्राइट उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कोरड्या खडकाला कधी आठ. पुन्हा तेवढाच अमोनिया घालून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर गाळणयंत्रणा तयार झाली असे समजावे. एक मोठा पाणीबदल करून माशांची पहिली जोडी सोडावी आणि पहिला आठवडा खाद्य अगदी चिमूटभर घालावे. दुसरी जोडी त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, मधल्या काळात अमोनिया एकदाही वर आला नसेल तरच.